मिटलं तर मी, उघडं तर तू

९ ऑक्टोबर

ही वही इल्साने आणून दिली. म्हणाली, "बेसबॉलचं काय असेल ते हिला सांग. माझे कान किटले." बायकोने नवऱ्याचं तोंड बंद करायला वही आणल्याचं आमच्या सान पेद्रो गावात तरी मी ऐकलेलं नाही. आणि तरीही ती ही चोरून वाचणार, कारण घरात कुलूप लागणारं कपाट एकच आहे आणि त्याची किल्ली तिच्या कमरेला असते. तेव्हा इल्सा, अवघड गोष्टी तुझ्यासाठी सोप्या करून लिहीन. वाचून झालं की जागेवर ठेव.

तर, मी अनिबाल हॉज. वय छत्तीस. धंदा शॉर्टस्टॉप. निदान आज सकाळपर्यंत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या तांबड्या मातीत मी इतके हिवाळे, म्हणजे आमचे खेळाचे हंगाम, काढलेत की तिथलं प्रत्येक ढेकूळ मला नावाने ओळखतं. आज दॉन फेयेंनी, म्हणजे आमच्या त्रापिचे संघाच्या प्रशिक्षकांनी, मला कुंपणाजवळ बोलावलं. मला वाटलं, कर्णधार करतायत. मी टोपीसुद्धा नीट केली.

"म्हाताऱ्या, यंदा तू दुसऱ्या बेसवर."

"आणि माझ्या जागी?"

"योल्फ्रान म्हणून पोरगा येतोय. कोन्सुएलो गावचा आहे, एकवीस वर्षांचा. अमेरिकेतल्या एका क्लबाने करारात बांधलाय, हिवाळ्यापुरता आपल्याला दिलाय. हात सोन्याचे, डोकं कच्चं. तू शेजारी उभा राहा आणि त्याला वळण लाव."

"आणि माझं काय?"

"जानेवारीत बघू. तुम्हा दोघांचं जमलं, तर पुढच्या हिवाळ्यातही तू मैदानात. नाही जमलं, तर तुझ्या सत्काराला मी स्वतः हार आणीन."

हार नको मला. मला अजून खेळायचंय! घरी येईपर्यंत थोडा रुसलो होतो. मग लक्षात आलं की एवढा महागाचा पोरगा ते उगाच कुणाच्याही शेजारी उभा करणार नाहीत. अंगावर मूठभर मांस चढलं.

१४ ऑक्टोबर

पोरगा आला. हातपाय उसाच्या कांड्यासारखे लांब, कानात चमकणारा खडा, आणि पहिलंच वाक्य: "काका, तुमच्या शेजारी खेळायचं म्हणून माझी आई रात्रभर रडली."

"आनंदाने ना?"

"हो. मी लहान असल्यापासून ती तुमचा खेळ बघतेय."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. काका म्हणे! पण चेंडू पकडायला लागला आणि माझी बोलतीच बंद झाली. चेंडू त्याच्याकडे जात नाही, त्याच्याकडे घरी येतो. मी चेंडू फेकेपर्यंत तो बेसवर हजर, आणि त्याचा चेंडू माझ्या छातीसमोर असा येतो की हात हलवावा लागत नाही. एका फटक्यात दोघांना बाद करायचा सराव आम्ही ऊन उतरेपर्यंत केला. पाय गेले, पण थांबावंसं वाटेना. किती वर्षांनी असं झालं!

मग त्याला खूण शिकवली. इल्सा, हे नीट वाच, हे आमच्या धंद्याचं मर्म आहे. पहिल्या बेसवरचा गडी कधीही दुसऱ्या बेसकडे पळत सुटतो, म्हणजे बेस चोरतो. तेव्हा कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसतो त्याचा, चेंडू झेलायला आमच्यापैकी एकाने बेसवर जायचं आणि दुसऱ्याने आपली जागा सोडायची नाही. कोण जाणार हे प्रत्येक चेंडूआधी ठरवायचं, आणि समोरच्यांना कळू द्यायचं नाही. म्हणून आम्ही ग्लोव्ह तोंडाआड धरतो आणि त्यामागून फक्त जोडीदाराला तोंड दाखवतो. तोंड मिटलेलं असेल तर मी जातो, उघडं असेल तर तू जा. बस. खूण देणार मी, कारण मी मोठा.

२६ ऑक्टोबर

पहिला सामना जिंकला! ढोल, कर्णे, रमच्या बाटल्या आणि सातव्या डावात वीज गेली तेव्हा अख्ख्या मैदानाने अंधारात म्हटलेली गाणी. हिवाळा सुरू झाला बाबा एकदाचा.

एक गालबोट मात्र लागलं. त्यांचा गडी बेस चोरायला पळाला. मी खूण दिली होती: तोंड मिटलेलं, म्हणजे मी जाणार. मी गेलो आणि बघतो तर योल्फ्रानही आलेला! बेसवर आमची डोकी आपटली. चेंडू दोघांच्या मधून थेट मागे. डगआउटमध्ये, म्हणजे आमच्या बसायच्या जागी, मी त्याला झाडला. तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही 'तू' म्हणालात."

"मला वाटलं काय? डोळे आहेत की बटणं?"

पेपरात फोटो आलाय. मी हवेत, चेंडू ग्लोव्हमध्ये, तोंड माशासारखं उघडं. इल्साने कापून भिंतीवर लावला. म्हणाली, "निदान एका फोटोत तरी तोंड मिट रे." मी म्हटलं, थोर खेळाडूंचे फोटो असेच असतात.

६ नोव्हेंबर

पुन्हा तेच! पुन्हा दोघेही बेसवर, आणि त्याची जागा मोकळी बघून त्यांच्या बॅटरने चेंडू नेमका तिथून काढला. सामना हातचा गेला. दॉन फेयेंनी सगळ्यांसमोर योल्फ्रानला विचारलं, "खूण बघितली नाहीस?" पोरगा माझ्याकडे बघत राहिला. कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, "चुकलो. माझंच चुकलं." चूक कबूल केली, त्याचे गुण द्यायला हवेत.

पण माझी झोप उडालीये. असंच चाललं तर जानेवारीत माझ्या गळ्यात तो हार पडणार. त्या पोराच्या दुर्लक्षापायी माझा हिवाळा जाणार आणि लोक म्हणणार, म्हातारा संपला.

सूर्यफुलाच्या बिया चघळणं सोडलंय. परवा एक घशात अडकली. पहिल्या बेसपर्यंत पळून आलं की एकाच वेळी श्वास आणि बिया जमत नाहीत. यंदा हवा दमट आहे.

१० नोव्हेंबर

रविवार. पोराला जेवायला बोलावलं. रागावलो असलो तरी जोडीदार आहे. इल्साने त्याला वाढून वाढून हैराण केलं. जेवणानंतर आंब्याच्या झाडाखाली डोमिनो मांडला. मी आणि शेजारचा लुईसिन एका बाजूला, इल्सा आणि योल्फ्रान दुसऱ्या. ओळीने हरलो! मी सोंगटी आपटायच्या आधीच या दोघांना माझ्या हातात काय आहे ते ठाऊक. शेवटी मी पत्ते फेकावेत तशा सोंगट्या फेकल्या.

"तुम्ही दोघं खुणा करताय!"

"खुणा कशाला करायला हव्यात?" इल्सा हसत सुटली. "पोरा, टेबलाखाली बघ. याच्याकडे चालीची सोंगटी आली ना, की डावी टाच उचलली जाते. लग्नाआधीपासून बघतेय. मला मागणी घालायला आला होता तेव्हाही टाच वरच होती."

काहीतरीच. मी टाच उचलत नाही. योल्फ्रान मात्र वाकून टेबलाखाली बघत बसला आणि मग इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी होता. जाताना माझा हात धरून म्हणाला, "काका, आता आपलं चुकणार नाही." गंभीर चेहऱ्याने म्हणाला. माझ्या बोलण्याचा परिणाम झालेला दिसतोय.

२४ नोव्हेंबर

जमलं! जमलं!

दोन आठवडे झाले, एकही टक्कर नाही. मी जायचं ठरवलं की पोरगा जागेवर खिळलेला, आणि 'तू जा' म्हटलं की तो उडालाच. कुणीतरी दोघांना एका दोरीने बांधल्यासारखं. आज पाचव्या डावात मी पाठमोरा पकडलेला चेंडू न बघता मागे टाकला. न बघता! तो तिथे होता. असणारच होता. त्याने तो पहिल्या बेसवर मारला, दोघे बाद, आणि मैदान उठून उभं राहिलं. मी त्या पोराला उचलून घेतला. मग कंबर धरली, ती वेगळी गोष्ट.

रागावल्याचा चांगला उपयोग झाला. आता तो खुणेच्या वेळी माझ्या तोंडाकडे टक लावत नाही. एकदा ओझरतं बघतो आणि मान खाली घालतो, जमिनीकडे बघत उभा राहतो. मोठ्यांसमोर मान खाली असावी, हल्लीच्या पोरांत ती रीत कुठे राहिलीये?

दॉन फेये हल्ली मला सारखे विचारतात. "म्हाताऱ्या, हा बॅटर कुठे मारेल?" "पिचर दमलाय, बदलू का?" गेल्या आठवड्यात एका सकाळी तर सरावाची लांब, बारीक बॅट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरांना जमिनीवरून चेंडू मार. माझा खांदा धरलाय." तेव्हापासून हे रोजचंच झालंय. मी काय नोकर आहे का? पण एक सांगतो, चेंडू नेमका पोराच्या डाव्या पायाशी, मग उजव्या पायाशी, मग एक वीतभर लांब मारायचा आणि त्याला झेप घ्यायला लावायची, याच्यात मजा येते. सकाळ कशी जाते कळत नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. ग्वाव्हाबेरीच्या दारूची बाटली उघडली, डुक्कर भाजलं, गल्लीतून मुखवटे घातलेले नाचे येऊन गेले आणि त्यांच्यातल्या मोरपिसवाल्याने माझ्यासमोर थांबून बेसबॉलचा झेल करून दाखवला. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. आम्ही तक्त्यात पहिले आहोत! त्रापिचेला चषक मिळाला तेव्हा मी शाळेत होतो, तिथपासून या गावाने फक्त वाट बघितलीये.

कालच्या सामन्याला मेक्सिकोच्या क्लबाचा एक माणूस आला होता. टोपी, वही, गॉगल. दॉन फेये त्याला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. तो येऊन म्हणाला, "सकाळी तुमचा सराव बघितला. पोरांना मस्त चेंडू मारता." मी म्हटलं, "संध्याकाळी माझा खेळ बघा." तो हसला. उन्हाळ्यात मला खेळायला बोलावणार, दुसरं काय! इल्साला सांगितलं. तिने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

"तोंड मिटून जेव," एवढंच म्हणाली.

१२ जानेवारी

अंतिम फेरी! राजधानीच्या संघाशी! गावात आज कुणी काम केलेलं नाही. भाकरी विकणाऱ्या दोन्या मॅबेलने मला यानीकेके, म्हणजे तळलेली भाकरी, फुकट दिली, आणि तिने आजवर पाद्र्यालाही फुकट दिलेली नाही.

दॉन फेयेंनी मिठी मारली. "तुझ्यामुळे, म्हाताऱ्या. तुम्हा दोघांमुळे." मी विचारलं, "मग पुढचा हिवाळा?" म्हणाले, "चषक येऊ दे, मग बोलू." आवाज मऊ होता. माझं काम झालं असं समजायला हरकत नाही.

१४ जानेवारी

योल्फ्रान गेला.

अमेरिकेतल्या त्याच्या क्लबाने फोन केला: पुरे झाला हिवाळा, हात जपायचाय, उद्याच्या विमानाने या. अंतिम फेरी आहे म्हटलं तर म्हणे कराराची अट आहे. अंतिम फेरीच्या तोंडावर! पोरगा कपाटासमोर बसून रडत होता. माझा ग्लोव्ह मांडीवर घेऊन त्याची नाडी घट्ट बांधत होता.

"काका, त्या नव्या मुलाला सांगा..." म्हणाला आणि थांबला.

"काय सांगू?"

"काही नाही. तुम्ही दमलात तर पाणी पीत जा."

त्याच्या जागी देइवी येतोय, तो आजवर डगआउटमध्ये बसून होता. सरळ मुलगा आहे. सांगितलेलं ऐकतो.

१७ जानेवारी

हरलो. आणि कसे हरलो ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

राजधानीवाल्यांचा एक गडी आहे, त्याला सगळे सेंतेया म्हणतात, म्हणजे वीज. आठव्या डावात तो पहिल्या बेसवर. मी खूण दिली: मिटलेलं, मी जाणार. सेंतेया पळाला, मी बेसवर गेलो, आणि समोरून देइवीही आला. बॅटरने चेंडू देइवीच्या मोकळ्या जागेतून घालवला. दोन धावा. सामना गेला.

डगआउटमध्ये माझा तोल सुटला. "अरे, तोंड बघता येत नाही तुला? तो गेला तर त्याच्याच रोगाचा दुसरा आला!"

देइवीचे डोळे भरले. "काका, मी फक्त तोंडच बघतो. तुमचं तोंड उघडं होतं. आज प्रत्येक वेळी उघडं होतं. मिटलेलं एकदाही नव्हतं."

मी हसलो. आजूबाजूला बघितलं, की बाकीचे हसतील. कुणी हसलं नाही. दॉन फेये आपल्या बुटांकडे बघत होते.

१८ जानेवारी

सकाळी इल्साला अंगणात उभं केलं. म्हटलं, "मी कुंपणापर्यंत पळून येतो, मग ग्लोव्ह धरून तुला तोंड दाखवतो. मिटलेलं की उघडं ते सांग."

आलो. मिटलं.

"उघडं," इल्सा म्हणाली.

"नीट बघ."

"अनिबाल, तुझे दात दिसतायत."

पुन्हा पळालो. ओठ आवळून धरले. मला स्वतःला वाटत होतं की ते मिटलेत. श्वास आत येत होता, तो कुठून येतोय याचा मी विचारच केला नव्हता. "उघडं," ती म्हणाली. मग भिंतीवरचे फोटो बघितले, एकूण एक. मी पायरीवर बसलो. ती शेजारी बसली. पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात, माझी ती तांबडी माती सरकली.

योल्फ्रानला फोन लावला.

"तुला माहीत होतं."

"हो, काका."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा आपटलो तेव्हापासून."

"आणि दॉन फेयेंसमोर म्हणालास, माझं चुकलं."

"मग काय सांगायचं होतं? त्यांनी तुम्हाला बसवलं असतं. मी कुणाच्या शेजारी उभा राहिलो असतो?"

"पण मग तुला कळायचं कसं? सगळा हिवाळा एकदा चुकला नाहीस!"

हसला गधडा. "कळायचं," म्हणाला. कितीही विचारलं तरी पुढे बोलेना.

मी त्याला बटणं म्हणालो होतो. डोळ्यांना.

२४ जानेवारी

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये! बाहेर अख्खं गाव नाचतंय, लुईसिनने कोंबडा खांद्यावर घेतलाय, दर मिनिटाला कुणीतरी दार ठोकतंय. चषक आमचा आहे!

पण क्रमाने सांगतो. बरोबरीत आलो होतो, आज शेवटचा सामना. मी दॉन फेयेंच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "माझं तोंड मिटत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"मी कॅचर होतो रे. मैदानावर सगळ्यांची पाठ लोकांना दिसते, तोंडं कॅचरला दिसतात. माझी ती सवय गेलेली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं चुकायचं थांबलं. कसं थांबलं ते कळलं नाही. चाललेल्या गाडीचं चाक मी काढून बघत नाही."

"आज मला बसवा."

"ते मी ठरवतो. तू फक्त खुणेचं बघ."

मी बाहेर आलो, देइवीला धरलं आणि म्हटलं, "आजपासून खूण तू द्यायची. मी बघणार." त्याला खरंच वाटेना. "मी? तुम्हाला?" मी म्हटलं, "मला. आणि मी ऐकलं नाही तर टोपी फेकून मार."

इल्सा, एवढं एक वाक्य बोलणं मला किती जड गेलं ते तुला सांगता येत नाही. इतके हिवाळे ती खूण माझी होती.

नववा डाव. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचा एक बाद, पहिल्या बेसवर सेंतेया, बॅट उजव्या हाताच्या धिप्पाड गड्याकडे. उजव्या हाताचा बॅटर असला की बेसवर दुसऱ्या बेसवाल्याने जायचं, हे आमच्यात दुधाच्या दातांबरोबर शिकवतात. मी निघायच्या तयारीत. देइवीकडे बघितलं. ग्लोव्ह तोंडाआड, आणि त्यामागे तोंड मिटलेलं. तो जाणार म्हणतोय! मी राहायचं!

चूक, मी मनात म्हटलं. पोरगा घाबरून चुकलाय. मान हलवून नाही म्हणायला हवं. त्याने पुन्हा दाखवलं. घट्ट मिटलेलं, ओठ पांढरे पडलेले. डोळे माझ्यावर.

मी जागा सोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाय बांधून उभा राहिलो. सेंतेया सुटला, देइवी बेसकडे धावला, आणि त्या धिप्पाड गड्याने मुद्दाम उजवीकडे, मी गेलो असतो तर रिकामी पडली असती नेमक्या त्या जागेतून, गोळीसारखा सरळ फटका हाणला. मला काही करावंच लागलं नाही. ग्लोव्ह वर केला. चेंडू आत. सेंतेया पार दुसऱ्या बेसशी पोहोचलेला, मागे वळून बघतोय. मी पहिल्या बेसवर चेंडू टाकला. दोघे बाद. सामना संपला.

मला पुढचं नीट आठवत नाही. देइवी माझ्या पाठीवर होता एवढं आठवतंय. ओरडून विचारत होतो, "तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "तो आज सगळे चेंडू उशिरा मारत होता, काका. सगळे उजवीकडे जात होते. तुम्हीच सकाळी सरावात सांगितलं होतं, बॅटरचं कोपर बघा म्हणून."

मीच सांगितलं होतं. हो. सांगितलं होतं खरं.

२५ जानेवारी

दॉन फेये घरी आले. ती लांब, बारीक बॅट कागदात गुंडाळून आणली होती. हार आणला नव्हता.

"पुढच्या हिवाळ्यात माझ्या शेजारी," म्हणाले. "बेसवरची सगळी पोरं तुझ्या हाताखाली, शिकवायला. आणि तो मेक्सिकोवाला उन्हाळ्यासाठी याचसाठी विचारतोय. डिसेंबरपासून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते प्रश्न, त्या सकाळी, तो धरलेला खांदा. मी इल्साकडे बघितलं. ती नखं बघत होती, म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

मी रडलो. लपवत नाही. खेळणं संपलं म्हणून रडलो. मग कागद काढला, बॅट हातात घेतली आणि अंगणात लुईसिनच्या पोराला म्हटलं, "उभा राहा रे तिकडे, गुडघे वाकव." संध्याकाळपर्यंत मारत होतो.

२ एप्रिल

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस. इल्साने गोड घेवड्याची खीर पातेलंभर केली, कारण गल्ली आमच्या घरात आली होती. योल्फ्रानचा अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मैदानावरचा पहिला सामना! दूरदर्शन संच दारात ठेवला, लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले. कोन्सुएलोहून त्याची आईही आली होती. ती पहिल्या चेंडूपासून रडत होती, मी तिसऱ्यापासून.

चौथ्या डावात त्यांचा गडी पहिल्या बेसवर. पडद्यावर माझा पोरगा, माझ्या जागेवर. ग्लोव्ह तोंडाआड गेला. खूण तो देत होता! एवढ्या मोठ्यांत, एकवीस वर्षांचा! मी लुईसिनचा हात चेचला. आणि मग पडद्यावर खाली, मातीत, त्याची डावी टाच हळूच वर आली.

"टाच!" मी उठून ओरडलो. "टाच खाली! समोरच्यांना कळेल तो जाणार ते! कुणी शिकवली याला ही घाणेरडी सवय?"

गल्लीत कुणालाच काही कळेना. इल्सा खिरीची पळी हातात धरून हसायला लागली होती. हसता हसता तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"ओरडतोस काय," ती म्हणाली. "तुझीच आहे ती."

मी खाली बसलो. डोमिनो आठवला. टेबलाखाली वाकलेला तो. मान खाली घालून जमिनीकडे बघत उभा राहिलेला तो, सगळा हिवाळा, आणि मी त्याला रीत म्हणत होतो.

सामन्यानंतर फोन लावला. पलीकडे प्रचंड गोंगाट, त्यातून त्याचा आवाज, "काका! बघितलंत?"

"बघितलं. टाच उचलतोस."

गोंगाट तसाच. मग म्हणाला, "माहीत आहे. तुमच्याकडे बघून बघून लागली. आता जात नाही."

प्रशिक्षक म्हणून जे सांगायला हवं ते ओठांवर आलं होतं. खीर निवत होती, त्याची आई माझ्या हातातून फोन ओढत होती, आणि माझं तोंड काही केल्या मिटत नव्हतं.

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हटलं. "उद्यापासून खाली."